चिपसेटसाठी बादलीभर पाणी

आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये तीन कूलर होते आणि तिन्हींत पाणी भरायचं काम आईचं होतं. मार्च सरता सरता बाबा माळ्यावरून कूलर उतरवायचे, मागच्या साली चिकटलेला चुना खरवडायचे, नव्या वाळ्याच्या ताट्या बसवायचे आणि मग घरातल्या सगळ्यांना, म्हणजे आई आणि मला, समोर उभं करून तेच भाषण द्यायचे. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणूस गेल्याची बातमी दर आठ-दहा दिवसांनी पेपरात असतेच. बाबा वीज केंद्रात ऑपरेटर होते. तिथे कुठल्याही मशिनीला हात लावायचा तर आधी परमिट घ्यावं लागे, पुरवठा तोडावा लागे, तोडलेल्या स्विचवर लाल पाटी लटकवावी लागे. तोच कायदा त्यांनी घरात आणला होता. पायात रबरी चप्पल. ज्याचा हात पाण्यात जाणार त्यानंच बटन बंद करायचं, दुसऱ्याला सांगायचं नाही. बटनाशेजारचा लाल दिवा विझलेला डोळ्यांनी बघायचा. मगच हात. मी हे भाषण तोंडपाठ म्हणून दाखवायचो आणि बाबांच्या आवाजाची नक्कल करायचो. आई मात्र ते रोज दुपारी चार वाजता, तीन कूलरना तीनदा, न चुकता करायची.

आईची स्मरणशक्ती हा कॉलनीतला चमत्कार होता. ती बालवाडीत शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेला पोरगा मिशा फुटल्यावर रस्त्यात भेटला तरी ती त्याला नावानं हाक मारायची, वर त्याच्या बहिणीचं नाव, त्याचा डबा कुठल्या रंगाचा होता आणि तो कुठल्या दिवशी चड्डीत शू करून रडला होता तेही सांगायची. बिचारं पोरगं मित्रांसमोर लाजून अर्धं व्हायचं. आरमोरीजवळच्या खेड्यातून आलेली, सातवीपर्यंत शिकून लग्नानंतर मॅट्रिक झालेली माझी आई या एका गोष्टीवर ताठ मानेनं चालायची. मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं लिहिताना माझा हात मागे येईल. त्या मे महिन्यात माझ्या उपद्व्यापापायी तिचा जीव जाता जाता राहिला. आणि जीव राहिला त्यानंतर मी तिच्याकडून जे हिरावून घेतलं, ते म्हणजे तिचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा. तो तिला परत मिळेल की नाही, एवढ्याच गोष्टीची ही हकीकत आहे.

मी तेव्हा चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात सतत कसला ना कसला आवाज असायचा. लांबून कोळशाच्या पट्ट्याची घरघर, मधूनच वाफ सोडल्याचा असा गोंगाट की बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबायचा, आणि उन्हाळाभर कूलरची गरगर. वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर राखेचे बारीक ठिपके पडायचे, ते झटकून मगच शर्ट घडी व्हायचा. बाबांची रात्रपाळी असली की ते सकाळी येऊन वरण-भात जेवायचे आणि ओला टॉवेल डोक्यावर घेऊन आतल्या खोलीत झोपायचे. मग घरात आवाजाला बंदी. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळायची तर झाराही हळू आपटायची. ते वडे आणि कैरीचं गूळ घातलेलं पन्हं, हे माझं उन्हाळ्याच्या सुट्टीतलं खाणं होतं. आता डॉक्टर तळलेलं खाऊ नका म्हणतात आणि मीही निमूट ऐकतो, पण तो वास आला की भूक मात्र एकोणीस वर्षांच्या पोराची लागते.

कॉम्प्युटर बाबांनी मी दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा घेतला. समोरच्या खोलीत, कूलरच्या शेजारी, आईच्या शिलाई मशीनच्या जागेवर तो बसला. सहा-सात महिने मी त्याच्याशी नीट वागलो. मग एका कॉम्प्युटरच्या मासिकात ओव्हरक्लॉकिंग हा शब्द वाचला आणि माझी झोप उडाली. म्हणजे कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगानं त्याला पळवायचं. फुकटात. माझ्यासारख्या पोराला याहून मोठं आमिष कुठलं असणार? माझ्या प्रोसेसरचा वेग थेट वाढवता येत नव्हता, मदरबोर्डावरून जी माहितीची ये-जा चालते तिचा वेग वाढवावा लागे, म्हणजे प्रोसेसर आपोआप तिच्यामागे पळे. पण ती ये-जा सांभाळणारा जो चिपसेट असतो, बोर्डाच्या मधोमध बसलेला चौकोनी तुकडा, तो बिचारा तापून लाल व्हायचा. प्रोसेसरवर पंखा होता, चिपसेटवर नुसता ॲल्युमिनिअमचा काटेरी ठोकळा. पुण्या-मुंबईच्या पोरांना तेवढा पुरत असेल. आमच्या खोलीत मे महिन्यात खुर्चीची लोखंडी दांडी हाताला चटका द्यायची. वेग थोडा वाढवला की दहा मिनिटांत पडदा गोठायचा. त्या ठोकळ्याला बोट लावलं की ओरडून बोट तोंडात.

पाण्यानं थंड करायचं हे मी मासिकातच वाचलं होतं. परदेशातली पोरं तयार सामान विकत आणत. माझ्याजवळ होते सत्तारचाचा. चंद्रपुरात ते ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचे, काळ्याभोर दुकानात, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. काडेपेटीहून थोडी मोठी तांब्याची बंद डबी, आत पाणी फिरायला दोन भिंती, वर दोन नळ्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा.

"ट्रक का बनाया, ट्रॅक्टर का बनाया," ते म्हणाले. "ये इतना सा किसका इंजन है बेटा? खिलौने का?"

"कॉम्प्युटरचं आहे चाचा. आतली चिप तापते."

"तो उसको छाव में रखो ना!" असं म्हणून ते स्वतःच खोखो हसले. पण डबी अशी सुबक केली की मी ती बसमध्ये सबंध वाटभर हातात धरून आलो. तळ त्यांनी काचेवर घासून आरशासारखा केला होता. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून ट्रान्झिस्टरला लावतात तो पांढरा मलम आणला, ॲल्युमिनिअमचा ठोकळा काढून डबी चिपसेटवर पट्टीनं आवळून बसवली, नळ्यांना बारीक पाइप जोडले. पाणी खेळवायला पंप कुठला? कूलरचा. आमच्याकडे जुन्या कूलरचा एक पंप पडून होता. तो बादलीत बुडवला. बादली कूलरच्या वाऱ्यात ठेवली, म्हणजे आतलं पाणी आपोआप गार.

आणि पाणी? इथे माझी छाती अभिमानानं फुगली होती. वीज केंद्रात बॉयलरसाठी पाण्यातला क्षार अन् क्षार काढून टाकतात. त्याला सगळे डीएम पाणी म्हणत. बॅटरीत टाकायला त्याचा एखादा कॅन कॉलनीत घरोघरी असायचा. बाबा त्या पाण्याबद्दल देवाच्या तीर्थाबद्दल बोलावं तसं बोलायचे, आणि देव तर ते मानत नव्हते.

"या पाण्यात काहीच नाई," ते म्हणायचे. "मीठ नाई, चुना नाई. करंटले जायाले वाट लागते, अन् वाटच नाई याच्यात."

मी मनात पक्कं धरलं की हे पाणी मदरबोर्डावर सांडलं तरी काही जळणार नाही, आणि पंपातून करंट उतरला तरी तो पाण्यात पसरणार नाही. पंप चालू असताना मी त्या बादलीत हात घालून पाइप सरळ केले आहेत. एकदा नाही, दहा-पंधरा वेळा. काही झालं नाही. बाबांच्या भाषणातला एक नियम माझ्यापुरता रद्द झाला आणि मला त्याची भारी गंमत वाटली.

आणखी दोन गोष्टी मी केल्या. त्या दोन्ही मला तेव्हा हुशारीच्या वाटल्या होत्या. कॉम्प्युटरला यूपीएस होता, वीज गेली तर पंधरा मिनिटं बॅटरीवर चालवणारा डबा. वीज गेली आणि कॉम्प्युटर चालू राहून पंपच बंद पडला तर चिपसेट करपेल, म्हणून मी पंपाची पिनही त्या यूपीएसमध्येच लावली. दुसरी गोष्ट म्हणजे यूपीएस बॅटरीवर गेला की पीं-पीं करून ओरडायचा. एकदा त्यानं रात्रपाळी करून झोपलेल्या बाबांना उठवलं आणि माझा उद्धार झाला. मी डबा उघडून त्या पीं-पींची तार कापून टाकली. म्हणजे आता भिंतीवरचं बटन बंद केलं, लाल दिवा विझला, तरी माझ्या बादलीतला पंप चालूच राहणार होता. आणि कुणाला कळणारही नव्हतं. हे मला ठाऊक होतं. घरात फक्त मला.

आईला या सगळ्याचं हसू यायचं. "हे काय करून राह्यला रे? त्याले ताप आला का?" ती बादलीत डोकावून म्हणायची.

"गरम होते तो. त्याले गार पाणी लागते."

"मंग माठच आणून ठेव ना त्याच्यापाशी, वाळा टाकून." बादलीला ती कूलरचं पिल्लू म्हणायची. पिल्लानं जेवण केलं का, पिल्लाले पाणी देऊ का. मी म्हणायचो, हात नको लावू, माझं मी बघतो. का नको लावू ते मात्र एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांपर्यंत गेलं असतं आणि बादली त्याच दिवशी अंगणात गेली असती.

त्या दिवशी सकाळी बाबा रात्रपाळी करून आले, जेवले, झोपले. मी वेग कधी नव्हे इतका वाढवला होता आणि एक चाचणी लावून दिली होती. ती तासन् तास प्रोसेसरला गणितं घालते आणि चुका मोजते. पडदा बंद करून ठेवला होता. आतले पंखे फिरत होते, पण कूलरच्या गरगरीत ते कुणाला ऐकू जाणार? ऊन इतकं होतं की बादलीतलं पाणी सकाळपासून चार बोटं उतरलं. मी ते पाहिलं, संध्याकाळी भरू म्हणालो आणि मागच्या ओसरीत पन्ह्याचा ग्लास घेऊन बसलो.

चार वाजले. आतल्या कूलरचं पाणी झालं, समोरच्या खोलीत आईच्या चपलांचा आवाज आला. मग कूलर थांबला. मोठा आवाज थांबला की घर एकदम पोकळ वाटतं, तसं वाटलं. बादलीत तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन तांबे. मी मनात म्हटलं, अरे, आई पिल्लाला पाणी देतेय, नळाचं! माझं इतकं जपलेलं डीएम पाणी नासलं म्हणून मला राग आला. मी कुरकुरत उठलो. तेवढ्यात तांब्या फरशीवर पडला आणि घशातून ओढून काढल्यासारखा एक आवाज आला. तो आईचा आहे हे मला पहिल्या क्षणी कळलंच नाही. असा आवाज ती काढू शकते हे मला माहीतच नव्हतं.

मी दारात पोचलो. आई बादलीवर वाकली होती. उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात, डावा हात कूलरच्या लोखंडी स्टँडला धरलेला. पंप कलला होता, तो तिनं सरळ करायला घेतला असणार, कूलरमध्ये रोज करायची तसा. सगळं अंग लाकूड झालेलं. दात घट्ट. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. मी जन्मात इतका हादरलो नव्हतो, पुढेही नाही. मग बाबांचं भाषण आठवलं, माणसाला धरू नका, आधी बटन. मी भिंतीकडे झेपावलो आणि बोर्डावरची दोन्ही बटनं एकदम दाबली.

कूलर धडधडून सुरू झाला. दोन्ही लाल दिवे लागले.

म्हणजे ती बंद होती. आईनं दोन्ही बंद केली होती, कूलरचं आणि कॉम्प्युटरचंही. चालू मी केली. एवढं माझ्या डोक्यात शिरलं आणि त्याच क्षणी यूपीएस आठवला. टेबलामागे हात घालून पंपाची पिन उपटली. आई सरळ खाली कोसळली, बादली तिच्यासोबत. खोलीभर पाणी झालं आणि त्यात तिची एक चप्पल तरंगत दारापर्यंत गेली.

बाबा आतून धावत आले ते आधी तिच्याकडे नाही, बोर्डाकडे बघत. सत्तावीस वर्षांच्या नोकरीची सवय. दोन्ही दिवे जळत होते, कूलर चालू होता. त्यांनी बटनं बंद केली आणि मग तिच्याजवळ बसले. छातीला कान लावला, तोंडाला तोंड लावून हवा भरली, छाती दाबली, पुन्हा हवा. शेजारची माणसं जमली. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. एकदा तिनं खोकल्यासारखं केलं आणि बाबांच्या चेहऱ्यावर घामाच्या धारांत हसू आलं, ते बघून मला रडू फुटलं. दवाखान्यात न्यायला तिला कुणाच्या तरी गाडीत घातलं. मला तिचे कपडे घ्यायला आत धाडलं. यूपीएसच्या बॅटरीवर कॉम्प्युटर अजून चालू होता. मी पडदा चालू केला, का केला कुणास ठाऊक. चित्र गोठलेलं होतं. खाली लिहिलं होतं, चार तासांची चाचणी, चुका शून्य. मी ती ओळ वाचली आणि पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बोलू लागली. उजव्या हाताची तीन बोटं भाजली होती, त्यातली दोन पुढे कधीच पूर्ण मिटली नाहीत. बाबा तिच्या उशाशी बसले होते, मी पायथ्याशी. बाबांनी तिचे केस मागे सारले आणि हलक्या आवाजात विचारलं, "बटन बंद केलं होतं का तू?"

"केलं होतं ना," आई म्हणाली. "दोन्ही केले. दिवा पाह्यला मी."

"चालू होते. मी सोता पाह्यलं. कूलर चालू होता."

आईनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं विचारत होती, कारण बाबांच्या आधी तिथे मी होतो. पंप भिंतीवरच्या बोर्डातच लावला होता ना, असं बाबांनी मला आदल्या दिवशी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. आता दुसरा हो राहिला होता. बाबांनी मला मारलं असतं असं मला वाटत नव्हतं. भीती मारण्याची नव्हतीच. आपल्या हातून काय झालंय हे त्या दोन चेहऱ्यांना कळेल, याची होती.

"चालूच होते, आई," मी म्हणालो.

बाबा आले तेव्हा ते चालूच होते, म्हणून हे खोटं नाही, असा हिशेब मी त्या क्षणी केला. वकिलानं करावा तसा. आईच्या कपाळावर एक आठी आली. ती छताकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ हलत होते. चपला, बटन, दिवा, असं ती मनाशी पुन्हा लावून बघत होती हे मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "मंग विसरली असन मी." बाबा म्हणाले, होते माणसाकडून, राहू दे. इतक्या प्रेमानं म्हणाले की मला तोंड उघडायची जागाच उरली नाही. असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. जागा होती. भरपूर होती.

माझा हात त्या बादलीत दहा वेळा गेला आणि मला काहीच कसं झालं नाही, याचं उत्तर मला आठवडाभरानं सुचलं. पंपातून करंट आधीपासूनच झिरपत असणार. क्षार नसलेल्या पाण्यानं आणि हात घालताना दुसरीकडे कुठे न टेकल्यानं मी वाचत होतो. आईनं नळाचं पाणी ओतलं, आमच्या चंद्रपूरचं चुन्या-क्षाराचं पाणी, आणि करंटला वाट मिळाली. नेहमीचं काम तिनं नेहमीच्या रीतीनं केलं होतं. नियम तोडला होता तो मी, तिच्या पाठीमागे, तार कापून.

पुढच्या साली वीज केंद्राच्या सुरक्षा सप्ताहात बायकांसाठी कार्यक्रम होता. आईनं दोन शब्द बोलावे असं बाबांनीच सुचवलं, दुसऱ्यांचं भलं होईल म्हणून. तिला स्कूटरवर मी घेऊन गेलो. मागच्या रांगेत उभा राहिलो. आई माईकसमोर उभी राहिली, भाजलेला हात पदराखाली. "मी वीस वर्षं रोज बटन बंद केलं," ती म्हणाली, "अन् एक दिवस विसरली. मले वाटे मी विसरतच नाई. असा गर्व नका करू बायांनो." टाळ्या झाल्या. तिला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. ती खाली आली आणि मला म्हणाली, "बरोबर बोलली ना रे?" मी मान हलवली. मला वाटलं जमीन दुभंगेल. ती कशाला दुभंगते? मी तिला स्कूटरवर बसवून घरी आणलं आणि पाव्हणे आले होते म्हणून बाजारातून शेव आणायला गेलो.

मग हळूहळू ती बदलली. गॅसची चावी बंद केली का ते बघायला ती दोनदा परत स्वयंपाकघरात जायची, मग तीनदा, मग मला पाठवायची. कुलूप लावून फाटकापर्यंत गेली की, सुमेध, तू पाहून ये ना एकवार. पोरांची नावं ती अजून बरोबर सांगायची, पण सांगून झाल्यावर विचारायची, हेच ना? एके दिवशी तिनं बालवाडी सोडली. आम्ही दोघं चकित झालो. बाबांनी कारण विचारलं तर म्हणाली, "लोकायचे लेकरं असतात. विसरणाऱ्या बाईपाशी कोणी लेकरं ठेवते का?" निरोपाच्या दिवशी एक लहान मुलगी तिच्या साडीला धरून रडत घरापर्यंत आली होती. तेव्हाही मी बोललो नाही. नोकरी लागली, लग्न झालं, बाबा निवृत्त झाले, आम्ही चंद्रपुरात घर बांधलं. चार वर्षांपूर्वी बाबा गेले. आई विसरली होती असंच मानून गेले.

गेल्या वर्षी आईला मी डॉक्टरकडे घेऊन गेलो. वय झालं, गोळ्या घेतल्या की नाही ते तिला आठवत नव्हतं, आणि ती स्वतःच म्हणाली, दाखवून आण. डॉक्टर तरुण मुलगी होती, गोड बोलणारी. "विसरणं कधीपासून सुरू झालं, आजी?"

"लय जुनं आहे बाई," आई म्हणाली. "हा कॉलेजात होता तवापासून. कूलरचं बटन बंद कराले विसरली होती मी. मरता मरता वाचली." आणि मिटत नसलेली बोटं तिनं पुढे करून दाखवली.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बावीस वर्षांपासून विस्मरण. मी ते उलटं वाचलं. माझ्या आईचा आजार म्हणून माझं खोटं तिथे निळ्या शाईत उमटलं होतं, आणि आता त्यावर गोळ्या दिल्या जाणार होत्या.

"नाही," मी म्हणालो. "ती विसरली नव्हती."

मग मी सगळं सांगितलं. यूपीएस, कापलेली तार, मी दाबलेली बटनं. वाक्यं एकावर एक पडत होती. आई ऐकत होती. मध्येच तिनं हात वर केला.

"थांब. हळू सांग. तू आला तवा दिवे बंद होते?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही. कूलर बंद होता. मी चालू केला, घाबरून."

"मले दिसे ते," ती म्हणाली. "मी बटन दाबलं अन् लाल दिवा गेला. डोळे मिटले की दिसे. मी म्हणो, मनाचे खेळ आहेत. तुह्या बाबाले किती खेप सांगितलं मी. ते म्हणत, राहू दे, सुलोचना." मग तिनं डॉक्टरांच्या कागदावर बोट ठेवलं. "बाई, ते बावीस वर्षं लिहिलं ना तुम्ही, ते खोडा आधी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओळीवर रेघ मारली. आईनं वाकून रेघ नीट बसली का ते पाहिलं. मी वाट बघत होतो, ती रडेल, ओरडेल, मला थोबाडीत मारेल. तिनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मला विचारलं, "मंग बालवाडी मी काऊन सोडली?"

"माझ्यामुळं, आई."

"हो," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून माझ्या आधी बाहेर पडली.